ठकीच्या चालीनं

बब्रुवाननं साखळीचे दोन वेढे हाताला दिले आणि फाटक पायानं ढकललं. ओसरीवर पडलेली ठकी उठली, तिनं एकदा बघितलं आणि सुटलीच. भुंकलीसुद्धा नाही. सुलताननं तिला हुंगायला मान खाली घातली होती, तेवढ्यात तिनं त्याचा कान धरला.

सुलतान ग्रेट डेन जातीचा, काळा, बब्रुवानच्या कमरेला लागेल एवढा. ठकी गावठी, त्याच्या पोटाखालून न वाकता निघून जाईल एवढी. त्यानं नुसती मान झटकली असती तरी ती हौदावर जाऊन आपटली असती. पण त्यानं मान झटकली नाही. तसाच वाकून, डोळे भिंतीकडं फिरवून उभा राहिला. फरशीवर रक्ताचे दोन थेंब पडले, तेव्हा ठकीनंच त्याला सोडलं.

"असं कुनी आनतंय व्हय?"

शिवकन्या घागर घेऊन हौदावर पाण्याला आली होती. ती आणि तिचा नवरा रणधीर, दोघं धनगर. त्यांच्या मेंढ्या कालपासून बब्रुवानच्या रानात बसल्या होत्या. रानाला लेंड्यांचं खत मिळायचं, मेंढ्यांना पाणी.

"मग कसं आनायचं?" बब्रुवाननं विचारलं.

"सवत आनल्यासारखं दारातनं आत घातलंव. ती चावंल न्हाय तर काय ववाळंल, आप्पा?"

बब्रुवानला हसू आलं नाही. त्यानं सुलतानला रिकाम्या गोठ्यात बांधलं आणि कानाला हळद लावली. हळद लावतानाही ते जनावर हललं नाही.

येरमाळ्याच्या अलीकडं हायवेवर एक हॉटेल बंद पडलं होतं. मालकानं हौसेनं आणलेला सुलतान दोन वर्षं तिथं साखळीला होता. गळ्याभोवतीचे केस जाऊन लाल कडं पडलं होतं. ते कडं बघून बब्रुवाननं राखणदाराला, सोमेशला, विचारलं होतं. सोमेश म्हणाला होता, "आठ दिवस न्हेऊन बघा, काका. जमलं तर तुमचा. न्हाय तर मालक सोलापूरच्या गोडाऊनवर धाडणार हाय. तितं मग कायमचा बांधून."

आणि ठकीला तर कुठं पाठवायचा प्रश्न नव्हता. त्याच्या बायकोनं, गजराबाईनं, तिला कळंबच्या स्टँडवरून पदरात गुंडाळून आणलं होतं. गजराबाई जाऊन दिवाळीला वर्ष झालं. दोघांतल्या एकाला जायची वेळ आली तर सुलतानच जाणार होता.

दुसऱ्या दिवशी शिवकन्या परत पाण्याला आली, तेव्हा बब्रुवाननंच विचारलं.

"तुमच्यात नवं कुत्रं जुन्यात कसं मिसळवतात?"

ती घागर ठेवून बसली. आधी तिनं ठकीचं पोतं गोठ्यात टाकायला लावलं आणि सुलतानचं ओसरीवर. "वास घिऊ द्या." खायला दोघांना दोन टोकांना. आणि रोज सकाळी चालवायचं. घरात नाही, अंगणात नाही, जिथं कुणाचीच मालकी नाही अशा वाटेवर.

"तोंडाला तोंड लावायचं न्हाय. शेजारी चालवायचं. एका दिशेला बघत चाललं की भांडायचं इसरत्यात."

"त्याला दोन मानसं लागतील."

"म्या हाय की आजून पाच-सा दिवस. मेंढरं सुटायच्या आधी येते."

तिनं साखळी काढायला लावली आणि स्वतःजवळची लोकरीची दोरी सुलतानच्या गळ्यात सैल बांधली.

हायवेकडं जाणारी गाडीवाट रुंद होती. मधे माणसं, कडेला कुत्री, अशी ती निघाली. शिवकन्येच्या उजवीकडं सुलतान, बब्रुवानच्या डावीकडं ठकी. वीस पावलं नीट गेली. मग बब्रुवानच्या हातातली दोरी मागं ताणली, आणि मागून ठकीनं सुलतानच्या टाचेवर झडप घातली. शिवकन्येनं मधे पाय घालून तिला अडवलं.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला शिवकन्या थांबली.

"आप्पा, तुमी फुडं फुडं का पळताव?"

"पळतोय कुठं? चालतोय."

"एश्टी सुटल्यागत चालताव. तुमी फुडं गेलाव की ती मागं ऱ्हाती. मागं ऱ्हायलेलं कुत्रं भितं, आन भ्यालं की चावतं."

"ती मागंच चालती. पहिल्यापासनं."

"कुनाच्या मागं?"

बब्रुवाननं दोरीची गाठ सोडून पुन्हा मारली.

तीस वर्षं त्यानं एसटीत कंडक्टरकी केली होती. बाजाराला, लग्नाला, येडाईच्या दर्शनाला डोंगरावर, कुठंही निघालं तरी तो पुढं आणि गजराबाई मागं. गावातल्या सगळ्यांचंच असं होतं. तो मागं न बघता बोलायचा आणि मागून "व्हय" यायचं. कधी "व्हय" आलं नाही तर तो वळायचा. गजराबाई वाकून चपलेतला खडा काढत असायची आणि ठकी तिच्यापाशी बसलेली असायची. तो तिथूनच ओरडायचा, "उरक की!"

"चला," तो शिवकन्येला म्हणाला.

त्यानं ठरवून पाऊल लहान टाकलं. दहा पावलांवर तो पुन्हा पुढं होता.

"आमचा धनी बी असाच," शिवकन्या म्हणाली. "म्या काय करते, चार मेंढरं त्येच्या फुडं घालते. मग ती हानत सावकास चालतो, आन म्या बरुबर."

या वेळी मात्र बब्रुवान हसला.

तीन दिवस असेच गेले. ठकी झडप घालायची थांबली, पण गुरगुरणं काही थांबेना. वाटेच्या टोकाला हायवेवर चहावाला शांतलिंग रोज आपल्या हॉटेलातून बघायचा. "कंडक्टर, ह्या वासराचं तिकीट फाडलं का?" असं विचारायचा. बब्रुवान चहा पिऊन परत फिरायचा. परतताना तो पायांकडं बघून चालायचा, नवीन चालायला लागल्यासारखा.

सहाव्या दिवशी ओढ्याजवळ सुलतान एकदम उभा राहिला. शिवकन्येनं दोरी ओढली. तो हलला नाही. तिनं चुचकारलं, मांडीनं ढकललं. तरी नाही.

बब्रुवाननं मागं बघितलं. दोरी लांब सोडली होती, त्यामुळं त्याला कळलंच नव्हतं. ठकी दहा हात मागं बसून पुढचा पाय तोंडात धरत होती. बाभळीचा काटा होता. दातांत काटा धरायची, सुटायचा, पुन्हा धरायची.

सुलतान तिच्याकडं बघतही नव्हता. अंग आडवं करून, ज्वारीच्या रानाकडं तोंड करून उभा होता. ज्याला काही घाई नाही आणि ज्याचा कुणावर उपकार नाही, असा. बब्रुवानचा आवाज ओठांपर्यंत आला होता. तो त्यानं गिळला.

काटा निघाला. ठकीनं पाय टेकवून बघितला आणि लंगडत पुढं आली. सुलतान निघाला, पण त्याचं नेहमीचं लांब पाऊल पडलं नाही. एवढं मोठं जनावर पाय आखडून, पुढं टाकलेलं पाऊल अर्ध्यावर खाली ठेवत चाललं होतं. ठकी त्याच्या पोटाच्या सावलीत होती आणि गुरगुरत नव्हती.

बब्रुवान बघत राहिला.

"हे तुमी शिकिवलं?" त्यानं विचारलं.

"न्हाय बा," शिवकन्या म्हणाली. तीही बघत होती. "इतकी कुत्री वागवली आमी. पन ह्ये त्येचं त्येलाच."

आठव्या दिवशी दिवस उगवायच्या आत मेंढ्या हलल्या. शिवकन्या दोरी मागायला आली नाही. बब्रुवान एकटाच दोघांना घेऊन निघाला. सुलतानच्या गळ्यात दोरी होती, ठकी मोकळीच. लाल कड्यावर बारीक केस यायला लागले होते.

शांतलिंगच्या हॉटेलात सोमेश बसला होता.

"काय मग, काका? मालकाचा फोन आलता. ठेवताव का धाडू?"

बब्रुवाननं पिशवीतून साखळी काढली आणि बाकावर ठेवली.

"ही तेवढी मालकाला द्या."

सोमेशनं साखळीचं वजन हातावर तोललं, मग सुलतानकडं बघितलं. सुलतान बाकाखाली मावत नव्हता, तरी डोकं आत घालून झोपला होता. ठकी त्याच्या मागच्या पायाला टेकली होती.

"लई मोठं जनावर हाय, काका. झेपंल का?"

"त्याचं काय न्हाय. त्याला झेपतंय सगळं."

चहा झाला. बब्रुवान उठला, दोरी न धरताच निघाला. विसाव्या पावलावर त्याला मागं पावलांचा आवाज ऐकू आला नाही. तो वळला. ठकी वाटेच्या कडेला एक दगड सगळ्या बाजूंनी हुंगत होती. सुलतान तिच्या बाजूला आडवा उभा होता, दोरी जमिनीवर लोळत होती.

बब्रुवान आला तेवढी पावलं परत गेला आणि सुलतानच्या शेजारी उभा राहिला. त्यानंही रानाकडं तोंड केलं.

"कंडक्टर!" शांतलिंग हॉटेलातून ओरडला. "ऊन व्हाया लागलं, निघा की!"

"हिचं होऊ द्या," बब्रुवान म्हणाला.