पाठमोरे आसन

मी एक बग्गी बोलते आहे. मला चार चाके आहेत, दोन घोडे जोडण्याची सोय आहे, डोक्यावर टप नाही. आणि आत समोरासमोर दोन आसने आहेत. माझी सारी कहाणी या दोन आसनांची. एकावर बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसतो, दुसऱ्यावर बसणाऱ्याला मागे पडलेला.

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या दक्षिण टोकाला, मका आणि कोंबड्या यांच्या मुलखात माझा जन्म झाला. एका सुताराने चिवट लाकूड वाफेवर वाकवून माझी चाके घडवली. माझा पहिला धनी लाकडाचा व्यापारी होता. दर रविवारी तो मला चर्चच्या दारी मिरवी. पुढे मोटारी आल्या आणि माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. कित्येक वर्षे कोंबड्या माझ्यात अंडी घालत होत्या. त्यांनी दोन्ही आसने सारख्याच निष्ठेने घाण केली. निःपक्षपाताचा इतका निर्मळ नमुना मी नंतर पाहिला नाही.

तेथून मला थर्मन प्यूसीने बाहेर काढले. घोड्यांचे साज शिवणारा हा माणूस अत्यंत मितभाषी. त्याने मला धुतले, नवे कातडे चढवले आणि मला वर्षाआड येणाऱ्या त्या गुरुवारचे काम लावून दिले; त्या दिवशी लगामही तोच धरतो.

तो गुरुवार म्हणजे आमच्या जिल्ह्याचा सण. मंगळवारी मतदान होते. गुरुवारी जिंकलेला आणि हरलेला एकाच बग्गीत बसून न्यायालयापुढच्या चौकाला फेरी घालतात. माझ्यात जिंकलेला पुढे तोंड करून बसतो, हरलेला पाठमोरा. उंच टोपीवाला दवंडीदार सज्जातून निकाल वाचतो. तो सर्वांना आधीच ठाऊक असतो, तरी सारे कान देऊन ऐकतात. मग दोन्ही पक्षांचे अध्यक्ष एकाच कुऱ्हाडीला हात लावून, वैर मिटल्याची खूण म्हणून, ती समुद्रकाठाहून आणलेल्या वाळूत पुरतात, आणि आगीवर भाजलेल्या बैलाचे मांस पावात घालून आल्यागेल्याला फुकट वाटले जाते.

घोडे या दिवशी मुद्दाम रेंगाळत चालतात, म्हणून मला ऐकायला सवड मिळते. इतकी वर्षे ऐकून दोन पक्षांतला भेद मला थोडासा कळला आहे. रिपब्लिकन म्हणतो, माणसाने आपले घर, आपली बंदूक, आपली कमाई आणि आपला शेजार स्वतः सांभाळावा. सरकार जितके दूर, तितका श्वास मोकळा. डेमोक्रॅट म्हणतो, शेजार चांगला असेलच अशी हमी कोणी द्यावी? जे एकट्याला पेलत नाही ते सर्वांनी मिळून उचलावे, आणि त्यासाठीच सरकार असते. एकाला सत्तेच्या लांब हाताची धास्ती, दुसऱ्याला शेजाऱ्याच्या बंद दाराची. दोन्ही धास्त्या खोट्या नाहीत. गंमत अशी की, आज एका पक्षाच्या तोंडी असलेली कित्येक वाक्ये माझ्या तरुणपणी दुसऱ्याच्या तोंडी होती. आसने जागच्या जागी राहिली, बसणारे बदलले.

पण एक गुरुवार असा आला की माझे एक आसन रिकामेच राहणार, अशी चिन्हे दिसू लागली.

त्या वर्षी जिल्हा मंडळाच्या जागेवर हार्लन हिचन्स जिंकला होता. तो कोंबड्या पाळणारा आणि कट्टर रिपब्लिकन. डेल्फीन मॉल ही निवृत्त परिचारिका आणि तितकीच कट्टर डेमोक्रॅट; ती हरली होती. दोघे एका शाळेतले. गावची रुग्णवाहिका ही दोघे बिनपगारी चालवीत. रविवारी सारे गाव कोंबड्या भाजून विके आणि त्यावर तिचा खर्च भागे. डेल्फीनचे म्हणणे असे की, चालवणारे म्हातारे झाले आहेत, नवे कोणी येत नाही, तेव्हा कर बसवून पगारी माणसे नेमावीत. हार्लनचे म्हणणे असे की, जे आपण आपल्या हातांनी करतो ते एकदा सरकारच्या हाती गेले की पुन्हा आपले होत नाही. इथवर ठीक होते. पण प्रचाराच्या सभेत हार्लन बोलून गेला की, डेल्फीनची माया दुसऱ्यांच्या खिशातून वाहते. रात्री-अपरात्री लोकांच्या उशाशी बसलेल्या त्या बाईला हे लागले. तिने त्याच्याशी बोलणे सोडले आणि रुग्णवाहिकाही सोडली. आता हार्लन एकटाच गाडी चालवी, आणि मागे रुग्णापाशी बसायला कोणी नसे.

गुरुवारी हार्लन लवकर आला. नवा कोट घातलेला, मुद्रा मात्र उतरलेली. येऊन बसला आणि मोटारींच्या रस्त्याकडे टक लावून राहिला.

“येईल का रे ती?” त्याने थर्मनला विचारले.

“मला काय विचारतोस? मी रिकामं आसन घेऊन निघत नाही, एवढंच मला ठाऊक.”

शेवटी डेल्फीन आली. माझ्या दारापाशी थांबली, पायरीवर पाय ठेवला नाही.

“मी बसायला आले नाही. येणार नाही, हे तोंडावर सांगायला आलेय,” ती म्हणाली. मग तिची नजर त्याच्या जागेवर गेली आणि ती बोलायची थांबली. “हार्लन, ऊठ. ती जागा माझी आहे.”

“म्हणजे?”

“हरले मी. पाठमोरं मी बसायचं.”

हार्लनने खाली पाहिले. याआधी दोन निवडणुका तो हरला होता. त्याच्या पायांनी त्याला मुकाट्याने हरलेल्याच्या आसनावर आणून बसवले होते. त्याचे कान लाल झाले.

“सवय गं,” तो म्हणाला. “हा चौक मी इथूनच पाहिलाय. पुढून कसा दिसतो, देव जाणे.”

डेल्फीनला हसू आवरेना. माझ्या दाराला धरून ती हसत राहिली.

“बाई, हसायचंय तर वर बसून हसा,” थर्मन म्हणाला. “घोडे ताटकळलेत.”

ती चढली. “सरक तिकडे. रुग्णवाहिकेतसुद्धा उलटी मीच बसते, आजाऱ्याकडे तोंड करून. तू रस्ता बघ. तुला तेवढंच येतं.”

घोडे निघाले.

“ते खिशाचं मी बोललो, ते चुकलं,” हार्लन म्हणाला. “कराचं मात्र चुकलेलं नाही. तो मी बसू देणार नाही.”

“ठाऊक आहे. आणि प्रत्येक बैठकीला येऊन मी तुला छळणार, तेही ठाऊक असू दे.”

“आणि रुग्णवाहिकेवर?”

डेल्फीनने लोकांकडे पाहून हात हलवला. “येईन. रविवारी कोंबड्या भाजायलाही येईन. तुला मिठाचा अंदाज नाही.”

आता मी थर्मनच्या कोठारात असते. कर अजून बसलेला नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. रुग्णवाहिका रस्त्यावरून जाते तेव्हा परतीच्या वाटेवर ती दोघे भांडताना ऐकू येतात. मी समाधानी आहे. वाचकहो, माझे मागणे लहान आहे: मतभेद खुशाल जपा, पण समोरचे आसन रिकामे ठेवू नका. पुढच्या खेपेला कोणत्या आसनावर कोण बसेल, हे मला ठाऊक नाही. थर्मनलाही नाही, म्हणून तो दोन्ही आसनांवर सारखेच तेल चोळतो.