धाकटी बॅटरी

प्लास्टर निघालं त्या दिवशी आत्या आपल्या उजव्या हाताकडे बराच वेळ परक्यासारखी बघत बसली. मनगटाचं हाड चांगलं जुळलं होतं, डॉक्टर खूश होते. बोटं मात्र ऐकेनात. मूठ वळायला घेतली की ती अर्ध्यावर येऊन थांबायची. माळ्यावरचं खोकं काढताना ती स्टुलावरून पडली होती. "स्टूल माझं, खोकं माझं आणि गाढवपणाही माझाच," असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून टाकायची, म्हणजे पुढचे प्रश्न वाचायचे.

पडल्यावर भाचीने तिला आपल्या घरी आणलं होतं. भाची फिजिओथेरपिस्ट. दवाखाना नाही, गाडी काढायची आणि पेशंटच्या घरी जाऊन त्यांचे गुडघे, खांदे, पाठी चालत्या करायच्या. तिला सगळे मॅडम म्हणत. आत्या मात्र अडतिसाव्या वर्षीही तिला ठकी म्हणायची.

या ठकीने जगातल्या सगळ्यांकडून व्यायाम करून घेतले, पण घरातल्या माणसापुढे तिने हात टेकले होते. तिने आत्याला पिवळ्या रंगाचा मऊ गोळा आणून दिला होता. रोज तीन वेळा तो दाबायचा, पिळायचा, बोटांनी चिमटायचा. आत्या तो दोनदा दाबायची आणि बशीत ठेवून द्यायची.

"चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्यात मी. आता कणीक मळायला बसवलंस होय?"

"कणीक नाही ती, आत्या. त्याने पकड येते."

"पकडायला काहीतरी दे, मग येईल पकड."

हा संवाद इतक्या वेळा झाला होता, की दोघींपैकी कुणीही तो झोपेत म्हणू शकली असती.

त्याच दिवसांत गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. गाडी जुनी नव्हती. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि ब्रेकवरून पाय काढला की पुन्हा सुरू व्हायचं, अशी तिची सोय होती. आधी ती सोय बंद पडली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, खाली अक्षरं आली, 'स्टार्ट-स्टॉप उपलब्ध नाही'. ठकीने तिकडे काणाडोळा केला. खरं तर तिला बरंच वाटलं. मग एका सकाळी तिने बटण दाबलं आणि बॉनेटखालून नुसती टकटक ऐकू आली, दारावर कुणीतरी भीतभीत बोट वाजवावं तशी.

शेजारच्या टॅक्सीवाल्या काकांनी आपल्या गाडीतून वायरी लावून ती सुरू करून दिली. ठकी तशीच सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या तरतरीत माणसाने संगणकाची वायर लावून निदान सांगितलं. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक मोठी आणि एक छोटी. छोटी फक्त त्या स्टार्ट-स्टॉपसाठी. ती गेली आहे.

"मग बदला."

"मॅडम, ती इथे मिळत नाही. मागवावी लागेल. तीन आठवडे तरी."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत गाडी इथे ठेवा."

ठकीला दिवसाला पाच पेशंट असत, पाच दिशांना. त्यातला एक म्हातारा शिंपी होता. लकवा येऊन गेल्यावर तो नुकताच भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. तीन आठवडे खंड पडला असता तर तो पुन्हा खाटेवर गेला असता. तिने बॅटरी मागवायला सांगितली, पण गाडी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच टकटक आणि पुन्हा टॅक्सीवाले काका. तिसऱ्या दिवशी ते हाक मारायच्या आधीच दात घासत, खांद्यावर वायरी टाकून खाली आले, तेव्हा मात्र तिला फारच ओशाळल्यासारखं झालं.

तो शनिवार होता. दुपारी ती घरी आली तर आत्या जेवणाच्या टेबलावर गाडीचं माहितीपुस्तक उघडून बसली होती. चारशे पानांचं पुस्तक. गाडी घेतल्यापासून त्याची प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी फाडली नव्हती.

"ठके, गाडी सकाळीच मरते ना? दिवसभर ठीक चालते?"

"हो. दिवसभर काही नाही."

"रात्रभर उभी राहिली की मरते." आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. "दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. इथे आकृती आहे बघ. धाकटी आजारी. थोरली रात्रभर तिला पाजत बसते आणि सकाळी स्वतःच उपाशी राहते. थोरलीत काही दोष नसणार. माझं मीटर कुठंय?"

मीटर आत्याच्या ट्रंकेत, एका जुन्या मोज्यात गुंडाळलेलं होतं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ आणि शाल बाकीच्यांना आवडली होती; तिला तिच्या हाताखालच्या पोरींनी दिलेलं हे मीटर आवडलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी एवढंच केलं, की थोरल्या बॅटरीची काळी वायर सोडवून तिला धाकटीपासून तोडलं आणि टॅक्सीवाल्या काकांचा चार्जर लावून ठेवला. रविवारी सकाळी चहा झाल्यावर दोघी खाली गेल्या. पार्किंगमध्ये ऊन तिरपं आलं होतं. आत्याने चार्जर काढायला लावला, तासभर थांबायला लावलं आणि मग मीटरच्या दोन काड्या टेकवल्या.

"साडेबारा व्होल्टच्या वर. ठणठणीत आहे बाई." मग तिने फ्यूजच्या डब्यात, जिथे धाकटीची तार येत होती तिथे काड्या टेकवल्या आणि तोंडाने च्च केलं. "नऊसुद्धा नाही. ही गेली."

"मग हिला काढून टाकली तर चालेल गाडी?"

"मला वाटतं चालेल. पण मला वाटून काय उपयोग? विचार त्या तुझ्या तरतरीत माणसाला. सगळ्या गाड्यांची जोडणी सारखी नसते. कुठे कुठे धाकटीशिवाय पान हलत नाही."

सर्व्हिस सेंटर रविवारीही अर्धा दिवस उघडं होतं. ठकीने फोन लावून स्पीकरवर टाकला. तो माणूस आधी बरंच काही पाठ केल्यासारखं बोलला. कंपनीच्या नियमाप्रमाणे, आमच्या जबाबदारीवर नाही, अधिकृतपणे सांगता येणार नाही.

"बाळा," आत्या फोनकडे वाकून म्हणाली, "अधिकृतपणे नको सांगूस. तुझ्या आईची गाडी असती तर काय केलं असतंस?"

पलीकडे दार लोटलं गेलं. मग आवाज खाली आला. "याच मॉडेलची आहे आईची. मी छोटी काढून टाकलीय. डब्यात दोघींना जोडणारी एक पट्टी आहे, तीही काढायची, आणि छोटीच्या वायरींची टोकं नीट झाकायची. स्टार्ट-स्टॉप चालणार नाही आणि पिवळा दिवा जाणार नाही. बाकी काही नाही. मोठीची काळी वायर मात्र सगळ्यात शेवटी लावा."

"गुणी आहेस," आत्या म्हणाली.

पट्टी सहज निघाली. ठकीने दोन नट सोडवले, पट्टी बाजूला घेतली आणि आत्याने सांगितल्याप्रमाणे ती एका डबीत ठेवून डबीवर लिहिलं. अडचण पुढे आली. धाकटी बॅटरी थोरलीच्या तबकाखाली, चाकाच्या बाजूला, अशा कोनाड्यात बसवली होती की तिथे हात घालायला जेमतेम वीतभर जागा. ठकीने हात घातला. मोठ्या माणसांच्या पाठी दाबून दाबून तिचे पंजे पैलवानासारखे झाले होते. मनगटाशीच अडकले. डावा घातला तर कोपर इंजिनाला टेकलं.

"टॅक्सीवाल्या काकांना बोलावू?"

"त्यांचा हात तुझ्या दुप्पट आहे." आत्याने आपला हात पुढे केला. सडपातळ, लांब बोटांचा. "हा जाईल."

"आत्या, तो उजवा आहे."

"माहितीये. पाचव्या वर्षापासून डाव्या-उजव्यात गोंधळ नाही झाला माझा."

"अजून बशीतला गोळा दाबता येत नाही तुला. आत जाऊन पाना सुटला तर?"

"सुटला तर सुटला. थोरलीची वायर सोडवलेली आहे, ठिणगी उडायची नाही. पाना पडला तर तू वाकून उचल. दहा नंबरचा दे, छोट्या दांड्याचा."

पेशंट असता तर तिने सरळ नाही म्हटलं असतं. पण आत्याच्या चेहऱ्यावर गेल्या दोन महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं. गोळ्याकडे बघताना ती कंटाळलेली दिसायची. आत्ता तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती, कामाची. ठकीने पाना दिला.

आत्याने बाही वर केली, हात आत घातला आणि डोळे मिटले. "बघून काही दिसत नाहीच," ती म्हणाली. "केबलच्या खड्ड्यात असंच करायचो आम्ही." तिची बोटं आत चाचपडत होती. पाना एकदा घसरला, खालच्या पत्र्यावर खणकन वाजला. ठकी आडवी झाली, पोटावर सरकली, उचलून दिला. दुसऱ्यांदा तो बसला.

"बसला. आता वळत नाहीये."

"अंगठा वरून नको लावूस. शेजारच्या दोन बोटांनी ओढ. मनगट सरळ ठेव. श्वास सोड आणि ओढ."

"माझ्याकडून व्यायाम करून घेतेयस."

"ओढ गं!"

नट जरासा हलला. कुरकुरला आणि हलला. आत्याने पाना काढला, पुन्हा बसवला, पुन्हा ओढला. दर वेळी जेमतेम पाव फेरा. ठकी बॉनेटवर एक हात ठेवून वाकलेली, दुसऱ्या हाताने आत्याचं कोपर खालून तोलून धरलेलं. आत्याच्या कपाळावर घाम आला, तो ठकीने आपल्याच बाहीने पुसला. मध्ये एकदा आत्याने हात बाहेर काढला, झटकला, बोटं उघडझाप केली आणि कुणी न सांगता पुन्हा आत घातला.

"निघाला." तिने नट दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर आणला आणि ठकीच्या नाकासमोर धरला. मग तिचं तिलाच लक्षात आलं. चिमटीत होता तो. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकली होती, मध्ये फक्त तेवढा नट.

ठकीने जवळ वाकून त्या दोन बोटांकडे बघितलं. "ही चिमूट," ती म्हणाली, "महिन्यानंतर जमेल असं मला वाटलं होतं."

"मग लिहून ठेव तुझ्या वहीत. लाल वायरीचा नट राहिलाय अजून."

लाल वायर, मग बॅटरीला धरून ठेवणारी पकडपट्टी, आणि मग धाकटी बॅटरी तिरकी करत, अंग चोरत वर आली. जेवणाच्या डब्याएवढी, पण चांगली जड; ती ठकीने उचलली. वायरींच्या टोकांना आत्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली, तीन वेढे, शेवटचं टोक कातरीने कापून बोटाने दाबून. हे काम तिने ठकीला करू दिलं नाही. वायरी प्लास्टिकच्या पट्टीने एका कडेला बांधल्या, कशालाही घासणार नाहीत अशा. सगळ्यात शेवटी थोरलीची काळी वायर.

"चल, बस आत."

ठकीने बटण दाबलं. टकटक नाही, काही नाही. इंजिन एका झटक्यात लागलं. गॅलरीतून टॅक्सीवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. ते किती वेळ तिथे उभे होते कोण जाणे.

सोमवारी सकाळी गाडी सुरू झाली. मंगळवारीही. पिवळा दिवा तेवढा तेवत राहिला. बुधवारी आत्या म्हणाली, "मी पण येते," आणि शिंप्याच्या घरी गेली. ठकी त्याला भिंतीपासून खिडकीपर्यंत चालवत होती तेव्हा आत्या त्याच्या बायकोच्या शिलाई मशीनची सुटलेली वायर बघत होती. शिंपी चालता चालता थांबून म्हणाला, "ताई, तिथे नको, पॅडलच्या खाली बघा," आणि बोलण्याच्या नादात भिंत सोडून दोन पावलं तिच्याकडे गेला. ठकी मागे हात पसरून उभी होती; धरावं लागलं नाही. ती चुपचाप बघत राहिली, कारण सांगितलं असतं तर त्याने लगेच भिंत शोधली असती.

त्यानंतर आत्या आठवड्यातून दोन-तीनदा बरोबर जाऊ लागली. कुणाची बेल वाजत नसे, कुणाच्या दिव्याची पिन हलत असे. गोळा बशीतच राहिला, पण मूठ पूर्ण वळू लागली.

सांगितल्याप्रमाणे तीन आठवडे उलटल्यावर सर्व्हिस सेंटरचा फोन आला. छोटी बॅटरी आली होती, कधी बसवायची? ठकीने फोनवर हात ठेवून आत्याकडे बघितलं.

"मला काय विचारतेस? गाडी तुझी. सिग्नलला ती बंद पडलेली आवडायची तुला?"

"अजिबात नाही. दर वेळी छातीत धस्स व्हायचं."

"मग झालं तर."

ठकीने त्या माणसाला सांगितलं, नको, ज्याला हवी त्याला द्या. तो हसला आणि अधिकृतपणे वाईट वाटतंय म्हणाला.

त्या संध्याकाळी आत्याने ट्रंक उघडून कपडे घड्या करायला घेतले. "शनिवारी मला घरी सोड. झाडांनी माना टाकल्या असतील."

"अजून पंधरा दिवस राहा. पुढचे व्यायाम बाकी आहेत."

"एक आठवडा."

"दहा दिवस. आणि त्यानंतर दर बुधवारी मी घ्यायला येणार. तू मागच्या सीटवर नाही, पुढे बसायचं."

आत्याने घडी केलेला परकर ट्रंकेत ठेवला, थोडा विचार केला आणि पुन्हा बाहेर काढला. "बुधवारी किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेआठला."

"मी खाली उभी असेन," आत्या म्हणाली आणि दोघींसाठी चहा टाकायला उठली.