व्याह्यांसमोर आस्प्रिनियो

"बाबा, एकच मागणं आहे. रविवारी जेवायला आपली घरची आस्प्रिनियो वाईन ठेवू नकोस."

लेकीने, माफाल्दाने, हे क्रेशेन्झो मोर्मिलेला फोनवर सांगितलं; तिचे होणारे सासू-सासरे रविवारी पहिल्यांदाच घरी येणार होते. आख्ख्या चेझा गावात क्रेशेन्झोची जीभ प्रसिद्ध होती. समोरच्याने एक बोलावं, याने चार ऐकवावीत. पण लेकीचं त्याने पुढेही ऐकून घेतलं.

"डेनिसचे बाबा स्वतः प्रोसेक्को वाईन बनवतात. जगभर जाते ती. ते स्वतःच्या बाटल्या आणणारच आहेत. आपली फार आंबट आहे रे. त्यांनी तोंड वाकडं केलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

"बरं," क्रेशेन्झो म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात कोंबून अंगणात निघून गेला.

आंबट आहे म्हणे! अहो, त्या आंबटपणावरच तर सगळा डोलारा उभा आहे. तो नसता तर घराखालच्या दगडी तळघरात, बाटलीतल्या बाटलीत, तिला तो बारीक, चिवट फेस आला असता का? क्रेशेन्झोच्या बापाने तीच केली, आजोबाने तीच केली. माफाल्दाच्या बारशालाही तीच होती. आता चार वर्षं उत्तरेत ट्रेव्हिझोला नर्सची नोकरी केली आणि पोरीला घरची वाईन आंबट लागायला लागली.

"अहो, वाईन ठेवू नका म्हणालीये ती, घर सोडून जा नाही म्हणाली," बायको एर्सिलिया म्हणाली.

"मला दोन्ही सारखंच ऐकू आलं."

"मग कान तपासून घ्या. आणि रविवारी ते तोंड सरळ ठेवा, पाहुणे वाईनला नाही, तुम्हाला घाबरून पळतील."

रविवारी मजूर सुट्टीवर होते. संध्याकाळी पाऊस येणार असं रेडिओने बजावलं होतं आणि शेवटच्या रांगेतली द्राक्षं अजून वरच होती. तेव्हा पाहुणे दुपारी येतील या हिशेबाने क्रेशेन्झो सकाळीच शिडी लावून चढला. आमच्याकडे द्राक्षाचा वेल मांडवावर पसरत नाही, पॉपलरच्या झाडांवर चढतो. झाडाझाडांमधून तो असा विणला जातो की चार मजली हिरवी भिंत उभी राहते. द्राक्षं उतरवायची तर तेवढंच उंच चढायचं. शिडी अरुंद, खांद्यावर टाकून नेता येईल इतकी हलकी, आणि ज्याची त्याची वेगळी. गावचा सुतार ताम्मारो माणसाचं पाऊल ते गुडघा माप घेतो आणि त्या मापाच्या अंतराने आडवे दांडे ठोकतो. वर गेलं की एक पाय दांड्यांमधून आत घालायचा, गुडघ्याने शिडीला मिठी मारायची, की दोन्ही हात मोकळे. म्हणून दुसऱ्याच्या शिडीवर कुणी चढत नाही. दुसऱ्याचा चष्मा घालून कुणी सुईत दोरा ओवतं का?

उत्तरेकडच्या माणसांना वेळेआधी पोचण्याची खोड असते. क्रेशेन्झो झाडाच्या शेंड्याशी असतानाच खाली गाडी थांबली. माफाल्दा उतरली, तिचा डेनिस उतरला, त्याची आई ओर्नेल्ला खोका सांभाळत उतरली, आणि शेवटी बेपी, डेनिसचे वडील, उतरतच राहिले. एवढा उंच माणूस.

बेपींनी वर पाहिलं आणि त्यांचा आ वासला. "व्याहीबुवा! हे काय? माफाल्दा तर म्हणाली होती, तुमचा फळांचा व्यापार आहे!"

ते बिचारे साधेपणाने बोलून गेले. माफाल्दाचा चेहरा लालबुंद झाला आणि ती गाडीचं दार पुन्हा लावू लागली, जे आधीच लागलेलं होतं. क्रेशेन्झो सावकाश खाली आला. वाईनचं तो गिळून बसला होता, पण हे त्याच्या जिव्हारी लागलं. चार वर्षं ही पोर लोकांना सांगत होती की बाप व्यापारी आहे.

"द्राक्षं म्हणजे फळंच की," तो म्हणाला आणि हात पुसून पुढे केला.

बेपींचं लक्ष हाताकडे नव्हतं, शिडीकडे होतं. "आमच्याकडे टेकड्या अशा उभ्या, की यंत्र चढत नाही. सगळी तोडणी हातानं. मी आजही पहिल्या रांगेला असतो, विचारा हिला. ही शिडी काय चीज आहे?"

"ती माझ्या मापाची आहे, व्याहीबुवा. तुम्ही नका—"

"अहो, शिडी ती शिडी!"

आणि चढलेसुद्धा. क्रेशेन्झोने शिडीचं बूड घट्ट धरलं. माणूस चपळ होता, खोटं कशाला बोला. दोन मजले गेले, थांबले, आणि क्रेशेन्झोला जसं पाहिलं होतं तसा रुबाबात एक पाय दांड्यांमधून आत घातला. आता क्रेशेन्झोच्या आखूड पायांसाठी ठोकलेले ते दांडे. बेपींची मांडी आत गेली ती गेलीच. पुढे सरकेना, मागे येईना. दोन्ही हातांनी त्यांनी फांदी गच्च धरली.

"बेपी, खाली या," ओर्नेल्ला म्हणाली.

"येतोच आहे," वरून बारीक आवाज आला.

क्रेशेन्झोला क्षणभर मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या, आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. पाहुणा माणूस, पडला तर? डेनिस शिडीकडे धावला तसा तो ओरडला, "शिडीवर चढू नकोस! हलली तर दोघं जाल!" दुसरी शिडी आणावी तर मजुरांनी आपापल्या घरी नेलेल्या. त्याने वळून पाहिलं तर माफाल्दा जागेवर नव्हती.

ती गोठ्यामागून आली, खांद्यावर शिडी घेऊन. लग्नाआधीच्या भेटीसाठी घेतलेला तो निळा रेशमी झगा तिने गुडघ्यावर गाठ मारून वर खोचला होता आणि बूट काढून टाकले होते. शिडी तिचीच, ताम्मारोने ती अठराची असताना केलेली. क्रेशेन्झो काही म्हणायच्या आत तिने ती शेजारच्या फांदीला टेकवली, वरून दोनदा दाबून पाहिली आणि सरसर चढली. गुडघा अडकवला, हात मोकळे केले.

"माझ्याकडे बघा. खाली नाही. आता पाऊल बोटांच्या टोकापर्यंत ताणा आणि गुडघा बाहेर फिरवा. बाहेर! दार उघडतो तसा. हं. आता माझ्या खांद्यावर हात."

मांडी सुटली. बेपींनी डोळे मिटून श्वास घेतला. "पोरी, हे तू कुठे शिकलीस?"

माफाल्दाने खाली पाहिलं. खाली बाप शिडीचं बूड धरून उभा होता, मान वर, तोंड उघडं.

"फळांचा व्यापार नाही आमचा," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझा बाप झाडावर चढतो. ह्या गावात त्याच्याइतकं वर कुणी जात नाही. आणि मला त्यानंच शिकवलंय."

बेपी उतरले. ती मात्र उतरली नाही. "बाबा, टोपली बांध दोरीला! वरची राहिलीत ना?" आणि पाऊस यायच्या आत ती रांग तिने रिकामी केली. निमुळत्या बुडाची टोपली दोरीवरून खाली येई आणि मातीत नीट रुतून उभी राही. ओर्नेल्ला आणि डेनिस ती रिकामी करत होते, एर्सिलिया स्वयंपाकघराच्या दारातून "झगा! अगं झगा!" म्हणून ओरडत होती, आणि क्रेशेन्झो प्रत्येक रिकामी टोपली पुन्हा दोरीला बांधत होता.

जेवायला बसले तेव्हा तीन वाजले होते. म्हशीच्या दुधाचं सकाळचं ताजं मोझारेला चीज, तळलेली भोपळ्याची फुलं, भट्टीतून काढलेला पास्ता. ओर्नेल्लाने खोक्यातून प्रोसेक्को काढली. माफाल्दा हात धुऊन तळघरात गेली आणि दोन बाटल्या घेऊन वर आली. धूळही पुसली नव्हती.

"तुमची आपण तुमच्याकडे पिऊ, आई," ती ओर्नेल्लाला म्हणाली. "इथे ही."

बूच निघालं, फेस वर आला. बेपी पेला पुढे करून बसले होते. पण माफाल्दा त्यांना ओलांडून टेबलाच्या टोकाशी गेली आणि बापाचा पेला भरू लागली.

"अगं, पाहुण्यांना आधी," क्रेशेन्झो घाईने म्हणाला.

"नाही. चाळीस वर्षं पाहुण्यांनाच आधी दिलीस. आज आधी तुला."

मग तिने बेपींना दिली. त्यांनी घोट घेतला, आणि तोंड असं वाकडं झालं की एर्सिलियाला हसू आवरेना.

"आंबट आहे ना?" माफाल्दाने विचारलं. मान ताठ होती.

"भयंकर," बेपी म्हणाले. मोझारेलाचा तुकडा तोंडात टाकला, दुसरा घोट घेतला, जरा थांबले, आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला.

क्रेशेन्झो मात्र अजून पहिल्याच घोटाशी होता. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "गेल्या वर्षीची जरा जास्तच आंबट झालीये," तो सगळ्यांना सांगत होता, आणि कुणीही त्याला खोटं पाडलं नाही.