अकरा किलोंची मजबुती

भिलाईच्या कारखान्यात वीस वर्षं लोखंडाशी झुंजून शालिकरामने १९८७ साली जवळच्याच हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं, आणि वर्षभरात त्याच्या हाती मिसाइलचं काम आलं. निदान कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनमधल्या जुन्या सोबत्यांना त्याने तसंच सांगितलं. खरं तर हेलिकॉप्टरमधून जहाजावर सोडायचं एक हलकं मिसाइल कुठेतरी दूर तयार होत होतं, आणि शालिकरामला करायचा होता त्याचा डमी. आकार तोच, वजन तेवढंच, पण आत इंजिन-दारूच्या जागी शिशाचे ठोकळे. काम गुप्त होतं. म्हणून कुणी विचारल्याशिवाय तो बोलत नसे. लोकांनी विचारावं याची सोय मात्र करून ठेवी.

तपासणीला वसुंधरा नावाची तरुण इंजिनीअर आली. नागपूरची, आपल्याच बोलीची निघाली, तेव्हा शालिकराम निश्चिंत झाला. तिने डमी काट्यावर चढवला.

“काका, अकरा किलो जास्त भरून राहिलं. कावून?”

“मजबुतीसाठी, मॅडम. आतून दोन पट्ट्या जास्तीच्या घातल्या. आपल्या हातचं काम वाकलं नाही पाहिजे.”

“याले हेलिकॉप्टर उचलणार आहे, क्रेन नाही.”

“मग थोडं शिसं काढतो.”

“कुठं किती वजन, ते ड्रॉइंगात आहे. पट्ट्याच काढा.”

शालिकरामचे कान तापले. फार मजबूत म्हणून त्याला आजवर कुणी नापास केलं नव्हतं. आठ दिवस तो आपणच घातलेल्या पट्ट्या आपणच कापत, आपल्यालाच शिव्या देत बसला. दुसऱ्या खेपेला वजन बरोबर भरलं.

तीन महिन्यांनी पत्र आलं: डमी हेलिकॉप्टरपासून सरळ सुटला, चाचणी यशस्वी. त्याने ते बायकोला, रंभाला, उभ्याउभ्याच वाचून दाखवलं.

“मंग आता कोठी हाय ते?”

“समुद्रात.”

“बुडालं?”

“बुडायसाठीच तर बनवलं होतं.”

रंभा पदर तोंडाला लावून इतकी हसली, की त्यालाही हसू आवरेना. इथले लोक रेल्वेचे रूळ बनवतात. आपण समुद्रात टाकायला नळकांडं बनवलं, तेही दोनदा!

संध्याकाळी शेजारच्या बाबुलालला त्याने खरं सांगून टाकलं. “मिसाइल-बिसाइल काही नोहतं, भाऊ. शिसं भरलेली नळी होती. बुडाली.”

बाबुलालने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. “समझ गया भैया. ऊपर से ऑर्डर होगा, बोलने का नहीं.”

शालिकरामने आणखी दोनदा समजावलं. बाबुलालची खात्री वाढतच गेली. शेवटी शालिकराम गप्प बसला. आणि खोटं कशाला बोला, त्याला ते थोडं आवडलंही.