पाचव्या थांब्यावरचा म्हातारा

जावयाला पहाटे चारला उठायची सवय होती, पण त्या दिवशी तो गजराच्याही आधी उठला आणि पलंगावर बसून उगाच लेन्स पुसत राहिला. बायकोने कूस बदलून विचारलं, आज एवढी कसली घाई. तो म्हणाला, आज एजन्सीच्या बाई येणार आहेत, विसरलीस का. बायको नुसतं "हं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. एरवी एका गोष्टीवर चार प्रश्न विचारणारी बाई एका "हं"वर थांबते, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. या शहाण्याच्या नाही आलं.

त्याचा धंदा असा. शहर जुनं, बघायला येणारे लोक पुष्कळ, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात कॅमेरे. त्यातल्या आठ-दहा जणांना गोळा करून भल्या पहाटे फिरवायचं, कुठे उभं राहायचं ते दाखवायचं आणि मधूनमधून "प्रकाश बघा, प्रकाश" असं हळू आवाजात म्हणायचं. थांबे सहा. घंटाघर, तळं, पडका बुरूज, कबुतरांचा चौक, मग मागची दगडी गल्ली, आणि सहावा थांबा नाश्त्याचा.

लोक यायचे ते खरं म्हणजे पाचव्या थांब्यासाठी. गल्लीच्या वळणावर एका निळ्या दाराच्या पायरीवर दाढी वाढलेला, फाटक्या कोटातला एक म्हातारा एकटाच बसलेला असायचा. तो अचानक दिसायचा. हे अचानक दिसणं जमवायला रोज अर्धा तास लागायचा, कारण ते निळं दार जावयाच्या सासुरवाडीचं होतं आणि म्हातारा त्याचा सख्खा सासरा.

लग्नानंतर दोन महिन्यांसाठी म्हणून तो बायकोसह सासऱ्यांच्या माडीवर राहायला आला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. घरजावई म्हटलेलं त्याला आवडत नसे, म्हणून सगळी गल्ली आवर्जून म्हणायची. पर्यटकांना पाठवणाऱ्या त्या एजन्सीने पूर्ण हंगामाचे गट त्याच्याकडे दिले, की स्वतःच्या दोन खोल्या घ्यायच्या आणि ही पदवी कायमची पुसून टाकायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून तर त्या सकाळी जीव एवढा टांगणीला लागला होता.

पायरीची तयारी सासूबाई करायच्या. दोरीवरचे कपडे काढायचे, शेजाऱ्यांची स्कूटर ढकलत वळणापलीकडे न्यायची, प्लास्टिकची बादली आत घ्यायची, विजेच्या मीटरवर गोणपाट टाकायचं. एवढं सगळं करून नवऱ्याला पायरीवर बसवलं, की स्वतः आत जायचं. पहिल्याच आठवड्यात जावयाने सांगितलं होतं, "आई, तुम्ही फ्रेममध्ये येताय." तेव्हापासून त्या खिडकीमागे बसून वाटाणे सोलायच्या.

आणि सासरे? ते मास्तर. चाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर काढलेली. न्यायाधीशापासून बँडवाल्यापर्यंत अर्ध्या शहराने त्यांचे कोट घातलेले. अशा माणसाला जावयाने जुन्या बाजारातून कोट आणून दिला, तोही उजव्या कोपराला मुठीएवढं भोक पडलेला. मास्तर जावयाच्या शब्दाबाहेर नव्हते, त्यांनी तो मुकाट्याने घातला. पण भोक काही त्यांना बघवेना. तीन दिवसांत त्यांनी त्याच रंगाचा दोरा शोधून असं काही रफू केलं, की भोक होतं कुठे तेच जावयाला सापडेना. त्याने गुपचूप कात्री घेऊन नवं पाडलं. मास्तरांनी तेही बुजवलं. असं सहा वर्षं चाललं होतं आणि दोघेही त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. सासऱ्या-जावयात इतका समजूतदारपणा क्वचितच दिसतो.

अलीकडे जावयाने आणखी एक सुधारणा केली होती. एजन्सीने नुसता फोटो नको, सोबत काही गोष्टही हवी असं कळवलं होतं. मग तो गटाला पायरीपासून दहा पावलांवर थांबवायचा आणि आवाज ओला करून सांगायचा, "या माणसाचं जगात कुणी नाही. रोज इथे बसतो. कुणाची वाट बघतो, कुणास ठाऊक." ऐकून बायका नाक पुसायच्या, पुरुष लेन्स बदलायचे. मास्तरांना थोडं कमी ऐकू येई, त्यामुळे तिकडची काळजी नव्हती.

तर त्या सकाळी गट निघाला. एक दंतवैद्य होते, त्यांचा कॅमेरा एवढा अवजड, की मानेला पट्टा बांधावा लागावा. एक नवं जोडपं होतं, ते फक्त एकमेकांचेच फोटो काढत होतं. बुरूज त्यांच्या फोटोत आला तो नवरीच्या कानामागे चार बोटं. आणखी तिघे-चौघे होते आणि सगळ्यांच्या मागे एजन्सीच्या बाई. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, वही होती. प्रत्येक थांब्यावर त्या काहीतरी लिहायच्या आणि वही मिटायच्या. जावई मान उंचावून उंचावून थकला, पण एक अक्षर दिसेल तर शपथ.

तळ्यावर प्रतिबिंब घ्यायला दंतवैद्य पालथे झोपले आणि त्यांना उठवायला दोघे लागले. चौकात कबुतरं ऐन वेळी उडालीच नाहीत. जावयाने टाळ्या वाजवल्या, पाय आपटले, शेवटी स्वतःच हात पसरून त्यांच्यात धावला. कबुतरं जराशी सरकली. बाईंनी वहीत लिहिलं. जावई मनाला म्हणाला, काही हरकत नाही, पाचवा थांबा आपला हुकमी आहे.

वळणाच्या अलीकडे त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाला, पुढे कोण दिसेल सांगता येत नाही, आवाज करू नका, नशीब असेल तर मिळेल. आणि सगळे मांजराच्या पावलांनी वळले.

दोरीवर चादरी वाळत होत्या. स्कूटर दारातच होती. निळी बादली पायरीला खेटून ठेवलेली. आणि पायरीच्या वर, घरातून आणलेल्या दोन खुर्च्यांवर, दोघं जण बसली होती. मास्तरांच्या अंगावर गडद निळा सूट होता, आतल्या जाकिटासकट. दाढी सफाचट, केसांना तेल, बूट आरशासारखे. शेजारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. माडीच्या खिडकीतून जावयाची बायको खाली बघत होती, आणि तिच्या हातात अजून इस्त्री होती.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. पण धंद्यातला माणूस, चटकन सावरला. म्हणाला, अरेरे, आज तो म्हातारा दिसत नाही, ही कुणी दुसरीच मंडळी आहेत, चला पुढे, नाश्त्याला उशीर होतोय.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "चहा टाकलाय. सगळ्यांना घेऊन आत या."

दंतवैद्यांनी कॅमेरा खाली केला. नव्या नवरीने नवऱ्याला कोपर मारलं. आत चहाचं आधण उकळायला लागलं होतं. तेवढ्यात मास्तर उठले आणि थेट दंतवैद्यांकडे गेले. त्यांच्या जाकिटाची शिवण दोन बोटांनी चाचपून म्हणाले, की डावा खांदा उतरलाय, कापणाऱ्याने घाई केली, दहा मिनिटं असतील तर नीट करून देतो. दंतवैद्य भारावून गेले आणि तिथल्या तिथे जाकीट काढायला लागले.

एजन्सीच्या बाई मात्र जावयाकडे वळल्या. त्यांनी वहीतून त्याने पाठवलेलाच फोटो काढला, दाढीवाला, फाटक्या कोटातला. त्या शांतपणे म्हणाल्या, की आमचं माहितीपत्रक याच्यावर उभं आहे, हा माणूस उद्या इथे असणार असेल तर मी आत्ता सही करते, एवढंच हो किंवा नाही सांगा.

सोपं होतं. बाजारात दाढ्या मिळतात. कोट तर घरातच होता. "हो" म्हटलं, की हंगाम पदरात आणि दोन खोल्या दारात. जावयाने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्याची नजर सासूबाईंकडे गेली. त्या रागावलेल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी खिडकीतच असते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यांचं जगात कुणी नाही, असं रोज ऐकते. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, जावईबापू. पहिले पंधरा दिवस वाटलं, तुम्ही विसरून बोलताय."

जावयाला लाज वाटली. अशी वाटली, की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. बाई पेन उघडून उभ्या होत्या.

"तो म्हातारा हेच आहेत," तो म्हणाला. "माझे सासरे. शहरातले एक नंबरचे शिंपी. या माझ्या सासूबाई. आणि मी वर राहतो, माडीवर. घरजावई आहे."

बाईंनी पेन मिटलं. आमच्याकडे बनावट माल चालत नाही, असं म्हणाल्या आणि वही पर्समध्ये टाकून घंटाघराच्या दिशेने चालू लागल्या. बनावट दाढी तिथल्या तिथे खपून गेली असती, हे त्यांनाही कळत होतं आणि यालाही. त्यांच्या बुटांचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत जावई ऐकत राहिला. मग त्याने वर बघितलं. बायकोने इस्त्री खिडकीत ठेवली होती आणि ती ओढणीने डोळे पुसत हसत होती. तिच्या हसण्याचा त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही.

"मग फोटो काढायचा नाही का?" नुसत्या शर्टावर उभ्या असलेल्या दंतवैद्यांनी विचारलं.

मास्तर दंतवैद्यांचं जाकीट खांद्यावर टाकून परत खुर्चीवर बसले, मग लक्षात येऊन ते त्यांनी मागे लपवलं. बाकीच्यांनी कॅमेरे उचलले, पण सासूबाईंनी मान हलवली. त्यांचं म्हणणं, पहिला जावयांनी काढायचा. त्याने काढला. म्हणजे काढायला गेला. हजार लोकांना हजार वेळा शिकवलेली गोष्ट, पण त्याने लेन्सवरचं झाकण न काढताच कॅमेरा डोळ्याला लावला, मग ते काढून पुन्हा लावला. सासूबाई सरळ त्याच्याकडे बघत होत्या. मास्तर मात्र सूट नीट करून, गुडघ्यांवर हात ठेवून, मान वळवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते.

"बाबा, इकडे," तो म्हणाला.

मास्तरांनी मान अर्धी वळवली आणि थांबले. पायरीवर बसायला लागल्याच्या पहिल्या दिवशी त्याने त्यांना एकच गोष्ट बजावली होती, आणि सहा वर्षांत ती त्यांनी एकदाही मोडली नव्हती.

"जावईबापू," त्यांनी विचारलं, "आज कॅमेऱ्याकडे बघितलं, तर चालेल का?"

जावयाला बराच वेळ बटण सापडेना.