जाळीवरचा डोंगर

मी भिंतीवरचा एक जुना कागद आहे, मित्रांनो. लोक मला पोस्टर म्हणतात. माझ्यावर बर्फाने झाकलेला डोंगर आहे, डोंगरामागे निळेभोर आकाश आहे आणि खाली ठसठशीत अक्षरांत एक वाक्य आहे : ‘विश्वास ठेव, वाट सापडेल.’ तुम्ही काहीही विचारा, मला एवढेच म्हणता येते.

माझा जन्म छापखान्यात झाला. आम्ही पुष्कळ भावंडे. डोंगर सगळ्यांचा एकच, वाक्ये तेवढी निरनिराळी. कुणाच्या वाट्याला ‘धीर धर’ आले, कुणाच्या ‘कष्ट कर’. आमचे गठ्ठे बांधताना एका कामगाराने सोबत्याला विचारले, “काय रे, हा डोंगर आहे तरी कुठे?”

“मला काय विचारतोस! मला कामावर यायची बस वेळेवर सापडत नाही, डोंगर कुठला सापडायला!”

दोघे खो खो हसले. माझी शाई अजून ओली होती. आपण जगाला वाट दाखवणार, या कल्पनेने मी अगदी हरखून गेलो होतो.

मला एका शर्टांच्या कारखान्याने विकत घेतले. तिथल्या इस्त्रीच्या खोलीत दिवसभर वाफेच्या इस्त्र्या फुसफुसत. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीत एक चौकोनी जाळी होती, तेवढीच हवेची ये-जा. त्या जाळीत सुताच्या धुळीचा काळपट थर साचला होता. अशात एक मोठे गिऱ्हाईक कारखाना पाहायला येणार असे ठरले. भिंती रंगवल्या, फरशी घासली. जाळी धुवायला मात्र कुणाला सवड मिळेना. तिथल्या मुकादमाला इस्त्री करणाऱ्या बायका पाठीमागे ‘लवकरराव’ म्हणत, कारण त्या एका शब्दाशिवाय त्याचे पान हलत नसे.

“अहो, ती घाण दिसतेय! झाका, लवकर झाका! तो डोंगर लावा तिथं. पाहुणे गेले की काढू.”

मला जाड पुठ्ठ्यावर डकवून जाळीवर ठोकले आणि चारही कडांना चिकटपट्टी लावली. पाहुणे आले, मला पाहून त्यांनी कौतुकाने मान डोलावली, आणि गेले. मला काढायचे कुणाच्या ध्यानातच राहिले नाही. बाहेरचा वारा माझ्या पाठीवर येऊन थडके आणि परत जाई. मी खुळा! मला वाटे, कुणीतरी शाबासकी देते आहे.

पुढे त्या खोलीत एक बाई कामाला आली; तिला सगळ्या मावशी म्हणत. माझ्यासमोरचे टेबल तिला मिळाले. शर्टाच्या कॉलरवर तिचा हात असा फिरे, की बघत राहावे. शेजारच्या खोलीत तिची मुलगी बटणे लावी. मावशी सकाळी इस्त्री हातात घेण्याआधी माझ्यासमोर उभी राही, डोळे मिटे आणि माझे वाक्य पुटपुटे.

“आई, अगं तो कागद आहे,” मुलगी चिडवायची. “छापखान्यातून आलाय, आभाळातून नाही.”

“असू दे गं. देवाशी बोलायचं तर शब्द आपले आपण शोधावे लागतात. दमलेल्या माणसाला कुठले सुचायला? इथं तयार आहेत. आणि बघ ना, नुसतं त्या बर्फाकडे पाहिलं तरी कसं गार वाटतं.”

मित्रांनो, माझ्यासारख्यांना माणसे का जीव लावतात, ते मला त्या दिवशी कळले. मला फार धन्य वाटले.

मग मावशीला धाप लागू लागली. ती एक शर्ट करी आणि टेबलाला धरून उभी राही. इतर बायका मधूनच जिन्यात जाऊन मोकळी हवा घेऊन येत. मावशी जागची हलत नसे.

“आज घरी राहा,” मुलीने विनवले.

“राहिले तर जागा जाईल.”

“आणि इथंच काही झालं तर?”

“काही होत नाही. विश्वास हवा,” असे म्हणून मावशीने माझ्याकडे पाहिले.

मी काय करणार होतो? तिच्या वाटची हवा माझ्या पाठीशी अडली होती, आणि मी तिला तोंडाने धीर देत होतो. ‘मावशी, मला बाजूला कर’ हे शब्द माझ्यावर छापलेले नव्हते.

एके दुपारी वाफेने माझी खालची चिकटपट्टी सुटली. पुठ्ठ्याचा कोपरा वाकला आणि वाऱ्याची झुळूक सरसर आत शिरली. टेबलावरच्या शर्टाची बाही हलली. मावशीने छाती भरून श्वास घेतला. तिचा चेहरा उजळला.

“अगं, लवकर ये! बघ, ऐकलं त्याने!”

मुलगी दारात आली. “वारा? इथं कुठून येतोय?” ती भिंतीकडे पाहू लागली. आणखी दोन पावले ये, मुली!

“बटणं राहिलीत! लवकर, लवकर!” लवकररावांची हाक आली आणि ती मागे फिरली.

तेवढ्यात मावशीला माझा फडफडणारा कोपरा दिसला. “अरे, पडशील ना!” ती कळवळून म्हणाली. स्टूल ओढून ती वर चढली, खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी घेऊन तिने माझ्या चारही कडा पक्क्या केल्या आणि तळहाताने मला थोपटले. झुळूक थांबली. इतक्या मायेने मला कधीच कुणी हात लावला नव्हता.

त्याच आठवड्यात ती टेबलापाशी कोसळली. बायका धावल्या. “बाजूला व्हा, तिला हवा लागू द्या!” कुणीतरी ओरडले. सगळे बाजूला झाले. मी तेवढा झालो नाही.

मावशी वाचली, पण तिची छाती कायमची दुबळी झाली. तिचा डबा आणि चपला न्यायला मुलगी आली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, “साहेब, ते पोस्टर देता का? आई सारखी विचारतेय.”

माझ्या मनात आशा जागली. ती मला नेणार आणि जाळी उघडी पडणार!

“छे! ते कारखान्याचं आहे,” लवकरराव म्हणाले. “आणि नव्या बाईला नको का काही बघायला?”

नवी बाई आता माझ्यासमोर उभी असते. काल तिने मला मोठ्याने वाचले, आणि वाचता वाचता तिला खोकला आला.

मित्रांनो, चांगले शब्द भिंतीवर जरूर लावा. पण त्यांच्यासमोर उभे राहून कुणी धापा टाकत असेल, तर आधी ते शब्द उचलून मागे काय आहे ते पाहा. आणि कधी तुम्हाला माझा कोपरा सुटलेला दिसला, तर कृपा करून तो चिकटवू नका.