पेशी, गुरुवार, सकाळी नऊ

गुरुवारी सकाळी नऊला सुपडू पोहोचणार होते. पावणेदहा वाजले तरी त्यांची खुर्ची रिकामी होती आणि रूपाचा जीव टांगणीला लागला होता.

रूपा धुळ्यातल्या एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात कामाला होती. डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधे जे जे पडतं ते उचलायचं काम तिचं. अर्ज समजावून सांगा, सह्या घ्या, फोन करा, रडणाऱ्यांना पाणी द्या. हे सगळं ती चोख करायची आणि आपण चोख करतो हे तिला पक्कं माहीत होतं.

वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत ऋतिका होती, रावेरकडची, सोळा वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी रक्ताच्या कॅन्सरवर तिचा बोनमॅरो बदलला होता. कॅन्सर गेला, पण शरीराची राखण अजून उभी राहिली नव्हती. तेवढ्यात एक विषाणू आत शिरला. तुम्हाआम्हाला त्यानं दोन दिवस सर्दी-खोकला होतो. तिच्या मूत्रपिंडांवर तो उठला होता. औषधं थकली. रक्तातला विषाणूचा आकडा दर चार दिवसांनी दुप्पट होत होता.

एकच वाट उरली होती, तीही नवी, अजून चाचणीत असलेली. ज्याच्या शरीरानं हा विषाणू पूर्वी कधी हरवला आहे, त्याच्या रक्तात तो शत्रू ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत. तेवढ्याच वेचून काढायच्या आणि पोरीला द्यायच्या. पण माणूस रक्ताच्या नात्यातला, निदान निम्मा जुळणारा हवा. वडील योगराज यांचं रक्त तपासलं, आईचं तपासलं. त्या पेशी दोघांतही जवळजवळ नव्हत्याच. सापडल्या त्या सुपडूंच्या रक्तात. सुपडू म्हणजे योगराजचे थोरले भाऊ. आणि हे दोन भाऊ अकरा वर्षांत एकमेकांशी शब्दही बोलले नव्हते.

भांडण होतं आईकडून आलेल्या शेताचं. ते शेत राज्याच्या हद्दीपलीकडे, म्हणून खटला बऱ्हाणपूरच्या कोर्टात. तरी रुग्णालयाचा माणूस गावी तपासणीचं रक्त घ्यायला गेला तेव्हा सुपडूंनी मुकाट्यानं हात पुढे केला होता. सेल जुळले तर देतो, म्हणाले होते.

"आले का?" प्रयोगशाळेचे डॉक्टर किरण तिसऱ्यांदा विचारून गेले. पेशी वेचण्याच्या यंत्राला जो संच लागतो तो परदेशातून आला होता, एकुलता एक, आणि शनिवारी त्याची मुदत संपत होती. शुक्रवारी दुपारपर्यंत रक्त यंत्रावर चढलं नाही तर पुढचा संच तीन आठवड्यांनी. "तीन आठवडे तिच्याकडे नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि आवाज न चढवता निघून गेले. ते ओरडले असते तर रूपाला बरं वाटलं असतं.

तिनं पुन्हा फोन लावला. या खेपेला सुपडूंच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी उचलला. वकिलाला तारीख वाढवून घ्यायला सांगितलं आहे, आता फोन करू नका, एवढं बोलून रूपानं नाव सांगायच्या आत त्यांनी ठेवला. मग फोन बंद.

वकील? रक्त द्यायला वकील कशाला? रूपाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे या माणसानं वकिलाचा सल्ला घेऊन अंग काढून घेतलं. भावावरचा राग पोरीवर काढला. योगराजला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भावाच्या दारात गेला असता आणि उरलंसुरलं संपलं असतं. तिनं रुग्णालयाची जीप मागितली. ड्रायव्हर तोताराम बिचारा चहा अर्धा टाकून उठला.

जळगाव, भुसावळ, फैजपूर. चार तासांत रूपानं मनातल्या मनात सुपडूंची अशी खरडपट्टी काढली की ती ऐकली असती तर माणूस गाव सोडून गेला असता. रावेरच्या अलीकडे रस्त्यालगतच त्यांचं शेत होतं. केळीची कापणी चालली होती, बांधाला ट्रक लागला होता, आणि डोक्याला उपरणं गुंडाळलेला एक रुंद खांद्यांचा म्हातारा घड उतरवून घेत होता.

रूपानं नाव सांगितलं. सुपडूंनी तिला बस म्हटलं नाही.

"कोर्टाची का तू?"

"हॉस्पिटलची, आबा. तुम्ही आज नऊला येणार होता."

"पोरीले रक्त देतो म्हनलो होतो. शब्द होता माझा," सुपडू म्हणाले. "पन एकीकडे माह्याकडून रक्त मागाचं आन दुसरीकडे गुपचूप केस धुळ्याले न्यायची? मी पेशीले येत नही. सांग त्याले."

"कोणती केस?"

त्यांनी खिशातून फोन काढला, चालू केला आणि तिच्यासमोर धरला. सोमवारी रूपानंच पाठवलेला निरोप होता. 'पेशी. गुरुवार, सकाळी ९ वाजता, धुळे. वेळेवर हजर राहावे. चुकवू नये.' खाली ना रुग्णालयाचं नाव होतं, ना तिचं.

रूपा ते वाचत राहिली. विभागात सगळे सेल म्हणायचे. गावाकडच्या माणसांना इंग्रजी कशाला, त्यांना कळेल असं लिहावं, म्हणून तिनंच हट्टानं सगळ्या अर्जांत आणि निरोपांत पेशी केलं होतं. त्याबद्दल मीटिंगमध्ये कौतुकही करवून घेतलं होतं. धुळ्यात कोर्टाची असते ती तारीख. पण इथे, बऱ्हाणपूरच्या कोर्टात अकरा वर्षं चपला झिजवणाऱ्या घरात, पेशी म्हणजे एकच गोष्ट होती, कोर्टाची तारीख. आणि पेशी आली की हे घर काय करतं? वकिलाला फोन करतं, आजारपणाचा दाखला देतं आणि तारीख वाढवून घेतं. या वेळीही त्यांनी वकिलाला तेच सांगितलं होतं.

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. तिची ती कमावलेली शुद्ध मराठी पार पळाली आणि तोंडातून आईची अहिराणी आली.

"आबा, ती कोर्टनी पेशी नही शे. रक्तमा ज्या ऱ्हातीस, त्या पेशी. तुमना सेल."

ट्रकवरचा माणूस घड मागत होता. सुपडूंनी तिकडे पाहिलंच नाही.

"मंग सेल म्हनायचं ना बाई," ते म्हणाले. "आमी सेलच म्हनतो."

चूक तिची होती, सगळीच्या सगळी.

"पोरगी कशी हाये?"

तिनं खरं सांगितलं. लघवी कमी झाली आहे. कालपासून नीट ओळखत नाही. उद्या दुपारी बारापर्यंत यंत्रावर बसलात तर ठीक, नाहीतर पुन्हा नाही. सुपडूंनी ऐकून घेतलं. मग उपरणं सोडून हात पुसले आणि अर्धा भरलेला ट्रक तसाच टाकून जीपमध्ये जाऊन बसले. घरी कपडे घ्यायलाही थांबले नाहीत.

शुक्रवारी सकाळी ते यंत्रावर बसले. दोन्ही हातांत सुया, तीन तास हलायचं नाही. एका हातातून रक्त जायचं, हव्या त्या पेशी गाळून बाकीचं दुसऱ्या हातातून परत यायचं. काचेच्या दाराबाहेर योगराज उभा होता. त्यानं आत पाय ठेवला नाही आणि सुपडूंनी मान वळवली नाही. रूपाला दोघांचाही राग आला आणि कीवही आली.

अकराच्या सुमारास सुपडूंनी तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"त्या विसरत नहीत म्हनली तू जीपमधी. जुनं वैर ध्यानात ठेवतात."

"हो."

"मंग माझ्या रक्तातलं दुसरं काही पोरीत जायाचं नही ना?"

रूपाला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं काचेकडे पाहणं टाळलं. "नाही, आबा. फक्त त्या विषाणूला ओळखणाऱ्याच वेचून घेतात."

"बरं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

शनिवारी सकाळी त्या पेशी ऋतिकाला दिल्या. चहाचा कप भरेल एवढंही पाणी नव्हतं ते. दहा मिनिटांत संपलं. चौथ्या दिवशी आकडा आणखी वाढला. सातव्या दिवशी तिथेच अडून बसला. रूपाचं जेवणात लक्ष लागेना. डॉक्टर किरण म्हणायचे, पेशींना वाढायला वेळ लागतो, थांबा. थांबण्याखेरीज दुसरं करणार काय?

दहाव्या दिवशी आकडा निम्म्यावर आला. रूपानं तो दोनदा तपासून घेतला. वर ऋतिकानं सकाळी आईला ओळखून हाक मारली होती, अर्धी वाटी खिमट खाल्लं होतं. योगराज खाली औषधांच्या रांगेत होता. त्याच्याकडे जायच्या आधी रूपानं रावेरला फोन लावला. या वेळी तिनं एकही शब्द लिहून पाठवला नाही.

"निम्मा झाला, आबा. उतरणीला लागला."

पलीकडे तो धिप्पाड माणूस हुंदके देऊन रडला.

"योगराजले सांगितलं?"

"नाही अजून. आता सांगायलाच निघाले होते."

"थांब जरा," सुपडू म्हणाले. "त्याचा नंबर दे मले."